मांजराचं नाक कायम चोंदलेलं, कारण सापडत नाही: नव्याने या वाटेवर आलेल्यांसाठी

आमची चिंगी सात वर्षांची आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडली तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती. डोळे पुवाने चिकटलेले, नाकावर वाळलेली खपली. औषधांनी डोळे उघडले, जीव वाचला, पण नाक पूर्ण मोकळं कधीच झालं नाही. पहाटे एकामागून एक सात-आठ शिंका, चादरीवर पिवळट शिंतोडे, झोपेत घुर्रघुर्र आवाज. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असला की बरं वाटायचं, तो संपला की दहा दिवसांत पुन्हा तेच. शेवटी सीटी स्कॅन आणि बायॉप्सी केली. रिपोर्टवर लिहून आलं: जुनाट दाह, ठरावीक कारण आढळलं नाही.

तो कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून होते. कारणच नाही म्हणजे उपायही नाही, असंच मला वाटलं. आज चिंगी व्यवस्थित जेवते, खिडकीत बसून चिमण्यांवर गुरगुरते, महिन्यातले बरेचसे दिवस शांत झोपते. नाक अजूनही वाहतं, पण आता आम्हाला ते सांभाळता येतं. तुम्ही या वाटेवर नुकतेच आला असाल तर माझी पहिली दोन वर्षं जशी गोंधळात गेली तशी तुमची जाऊ नयेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी: घाई कधी करायची

मांजर तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. कुत्र्याचं धापा टाकणं वेगळं. मांजर नाकानेच श्वास घेतं, त्याने तोंड उघडलं म्हणजे त्याला हवा कमी पडते आहे. ते गाढ झोपलेलं असताना छातीची हालचाल मोजायची सवय लावून घ्या. वर-खाली मिळून एक श्वास धरायचा. मिनिटाला तिसाच्या आत असेल तर ठीक. सतत त्याच्यावर जात असेल तर दुखणं नाकापुरतं नसून छातीत, फुप्फुसात किंवा हृदयात असू शकतं.

दुसरी घाई जेवणाची. मांजर वासावर जेवतं. नाक बंद झालं की समोरचा बांगडासुद्धा त्याला लाकडासारखा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, ‘उद्या खाईल’ म्हणून थांबू नका. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साचत जाते आणि दोन-चार दिवसांतच यकृत निकामी व्हायला लागतं. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त.

नाकातून रक्त, चेहऱ्याची एक बाजू किंवा नाकाचा दांडा सुजणं, मान एका बाजूला कलणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

वही घाला

दोन वर्षं मी हे केलं नाही आणि त्याची किंमत चिंगीने मोजली. प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे मी ‘शिंकते हो खूप’ एवढंच सांगत होते. त्या बिचाऱ्यांना तेवढ्यावर काय कळणार?

साधी दोनशे पानी वही पुरते. रोज एक ओळ: शिंका थोड्या की खूप, शेंबूड पाण्यासारखा, पांढरा, पिवळा-हिरवा की रक्ताळलेला, जेवण किती, आणि घरात त्या दिवशी वेगळं काय घडलं. आठवड्यातून एकदा वजन. स्वतः वजनकाट्यावर उभं राहा, मग मांजराला घेऊन उभं राहा आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम कमी झालं तर शरीराचा दहावा हिस्सा गेला. केसांमुळे ते नजरेला दिसत नाही, काट्यावरच कळतं. औषधाचं नाव, किती दिवस दिलं, फरक कधी पडला आणि कधी पुन्हा उलटलं, हेही लिहा.

आणि कोणती नाकपुडी, हे नक्की लिहा. त्यासाठी एक सोपी युक्ती. स्टीलची छोटी वाटी फ्रिजमध्ये थंड करा, बाहेर काढून पुसा आणि मांजर निवांत बसलेलं असताना तिची गुळगुळीत बाहेरची बाजू नाकासमोर अर्ध्या बोटावर धरा. श्वासाच्या वाफेचे दोन छोटे ठिपके उमटायला हवेत. चिंगीच्या बाबतीत उजवीकडचा ठिपका नेहमी डावीकडच्याच्या निम्मा असतो, आणि नाक बिघडलं की तो उमटतच नाही. आठवड्यातून एकदा हे करून वहीत दोन गोल काढले की डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

दोन्ही बाजू की एकच?

वाटीचा खटाटोप यासाठी. एकच बाजू वाहत असेल तर त्या बाजूला काहीतरी घडलेलं असण्याची शक्यता मोठी: अडकलेली वस्तू, सडलेला दात, बुरशी, गाठ. वरच्या सुळ्याचं मूळ नाकाच्या अगदी शेजारी असतं. तिथे पू झाला की तो नाकातून वाट काढतो आणि आपण महिनोन्‌महिने सर्दीचं औषध देत राहतो. म्हणून पहिल्याच भेटीत ‘तोंडात नीट बघाल का’ असं स्वतःहून म्हणा.

गवताचं पातं हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार. मांजर गवत खातं, ओकतं, आणि पातं टाळूच्या मागून वर नाकात चढतं. काल ठणठणीत असलेलं मांजर आज अचानक जोरजोरात शिंकायला लागलं, पुन्हा पुन्हा आवंढे गिळायला लागलं, तर डॉक्टरांना हे आठवणीने सांगा.

कोवळ्या वयाच्या मांजराला श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येत असेल, सोबत ते कान झाडत असेल, तर घशाच्या वरच्या भागात पॉलिप असू शकतो. ही कर्करोगाची गाठ नाही, ती काढता येते. म्हाताऱ्या मांजरात एका बाजूने सुरू होऊन हळूहळू वाढणारा, रक्ताळलेला स्राव मात्र गंभीरपणे घ्या. मांजरांच्या नाकात होणाऱ्या कर्करोगात लिम्फोमा सगळ्यात जास्त आढळतो, आणि वेळेत कळला तर औषधांनी तो काही काळ आटोक्यात ठेवता येतो.

शहरातल्या लोकांनी कबुतरंही लक्षात ठेवावीत. त्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. ती मांजराच्या नाकात बसली तर नाकावर फुगवटा किंवा न भरणारी जखम दिसते. तिच्यासाठी रक्ताची तपासणी असते आणि बुरशीनाशक औषधं अनेक महिने द्यावी लागतात.

दोन्ही नाकपुड्या वाहतात, लहानपणी जोरदार सर्दी झाली होती, मांजर रस्त्यावरून किंवा गर्दीच्या निवाऱ्यातून आलं आहे, अशी हकीकत असेल तर बहुतेक वेळा मुळाशी मांजरांचा हर्पिस विषाणू निघतो. माणसाच्या हर्पिसशी घोळ करू नका. हा माणसाला किंवा कुत्र्याला लागत नाही. पिल्लाच्या नाकात कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, श्वासातली हवा त्यांच्यावरून गाळून, ऊबदार होऊन आत जाते. विषाणू त्या गुंडाळ्याच खातो. पुढे विषाणू झोपी गेला तरी झालेलं नुकसान राहतं. त्या वेड्यावाकड्या पोकळ्यांत शेंबूड साचतो, त्यात जिवाणू वाढतात, अँटिबायोटिकने ते मरतात आणि कोर्स संपला की पुन्हा वाढतात. दर वेळी तेच का होतं, हे मला सीटी स्कॅनमधलं चिंगीच्या नाकाचं चित्र बघेपर्यंत कळलं नव्हतं. डावीकडे शंखासारखी नक्षी दिसत होती आणि उजवीकडे जवळजवळ मोकळी काळी पोकळी.

पर्शियन किंवा चपट्या तोंडाच्या मांजरांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या नाकपुड्या जन्मतःच अरुंद असतात, डोळ्यांचं पाणीही नीट वाहून जात नाही. त्यांना साधी सर्दीसुद्धा जड जाते, म्हणून थोडं आधीच डॉक्टरांकडे जा.

तपासण्या कोणत्या क्रमाने

ताजी सर्दी असेल, मांजर खात-पीत-खेळत असेल आणि ताप नसेल तर दहा दिवसांपर्यंत अँटिबायोटिकशिवाय वाट बघता येते. तुमचे डॉक्टर लगेच गोळ्या लिहून देत नसतील तर त्यांना निष्काळजी समजू नका.

लक्षणं महिनाभर टिकली किंवा पुन्हा पुन्हा आली तर मात्र शोध सुरू करायचा. आधी संपूर्ण तपासणी, दात आणि टाळू. मग रक्त, आणि त्यासोबत मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या एफआयव्ही व एफईएलव्ही या दोन विषाणूंची चाचणी. नाकातून रक्त येत असेल तर रक्तदाब आणि रक्त गोठण्याची तपासणीही. नाकातला शेंबूड कापसावर घेऊन कल्चरला, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवण्यात पैसे घालवण्याआधी विचारा की त्यातून निर्णय काय बदलणार आहे. निरोगी मांजराच्या नाकातही जिवाणू असतातच, त्यामुळे त्या रिपोर्टवरून फारसं कळत नाही.

पुढच्या टप्प्यासाठी भूल द्यावी लागते. साध्या एक्सरेत नाकातलं बारीक काही दिसत नाही, सीटी स्कॅन उत्तम. त्याच भुलेत दुर्बिणीने नाक आणि टाळूमागची जागा बघणं, दातांची तपासणी, नाक सलाईनने धुणं आणि तुकडा काढणं उरकता आलं तर मांजराला पुन्हा भूल द्यावी लागत नाही. क्रम महत्त्वाचा: आधी स्कॅन, मग दुर्बीण, सगळ्यात शेवटी बायॉप्सी, कारण तुकडा काढला की रक्त येतं आणि मग काही दिसत नाही. नाक धुतल्यानेच काही मांजरांना कितीतरी आठवडे मोकळं वाटतं.

हे सगळं प्रत्येक गावात मिळत नाही आणि स्वस्तही नाही. खर्चाचा अंदाज आधी स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं किंवा संस्था आहेत. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन, फोन करून, मांजरांसाठी कोणती सोय आहे ते विचारून मगच प्रवास करा. आणि स्कॅन परवडत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. एफआयव्ही चाचणी, दातांची तपासणी आणि वही एवढ्यावरही डॉक्टर बरंच ठरवू शकतात.

औषधांबद्दल जे मला आधी कोणी सांगायला हवं होतं

डॉक्सिसायक्लिन हे या दुखण्यात वारंवार दिलं जाणारं अँटिबायोटिक. ही गोळी कोरडी कधीही देऊ नका. मांजराच्या अन्ननलिकेत ती चिकटून बसते आणि तिथे जखम करते. गोळीनंतर लगेच सुई नसलेल्या सिरिंजने पाच-सहा मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्या, किंवा चमचाभर ओलं खाणं चाटवा.

हर्पिससाठी फॅमसायक्लोव्हिर वापरतात, तेही डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्यावरच. त्याच्याशी मिळतंजुळतं नाव असलेलं व्हॅलासायक्लोव्हिर मांजराला मारू शकतं. केमिस्टकडे पर्यायी औषध घेताना नाव अक्षरन्‌अक्षर वाचून घ्या.

स्टेरॉइडने काही मांजरांचा दाह खरंच उतरतो. पण बायॉप्सीच्या आधी दिलं तर लिम्फोमा लपतो, आणि झोपलेला हर्पिस जागाही होऊ शकतो. सुरू झालंच असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही.

लायसिनच्या पुड्या आणि पेस्ट अजूनही सर्रास सुचवल्या जातात. मीही वर्षभर दिली. 2015 साली सगळ्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात लायसिनचा मांजरांना उपयोग होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. ते पैसे चांगल्या ओल्या खाण्यावर खर्च करा.

आता घरगुती औषधं. पॅरासिटामॉलची एकही गोळी, अर्धी नाही, पाव नाही. मांजराच्या यकृतात ती पचवण्याची यंत्रणाच जवळजवळ नसते. निलगिरीचं तेल, कापूर, बाम, ओव्याची धुरी, टी ट्री ऑइल यांचंही तसंच. आपल्या लेकरांना आपण प्रेमाने छातीला चोळतो ते सगळं मांजराला विषारी ठरू शकतं. माझ्या आईने चिंगीसाठी ओव्याची पुरचुंडी गरम करून आणली होती, किती मायेने. तिला समजावून सांगावं लागलं. नाक मोकळं करणारे माणसांचे थेंबही नकोत. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असलेली बाटली आणि नुसत्या सलाईनची बाटली दिसायला सारखीच असते, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचाच.

रोजची सेवा

आमच्याकडे सकाळी चहा टाकला की चिंगीची वाफ सुरू होते. कोविडच्या काळात घरात आलेला नेब्युलायझर यासाठी उत्तम. त्यात फक्त नॉर्मल सलाईन, म्हणजे 0.9 टक्क्यांचं मिठाचं निर्जंतुक पाणी, तीन ते पाच मिली. माणसांसाठी मिळणाऱ्या औषधी कॅप्सूल नाहीत. मांजराला त्याच्या कॅरिअरमध्ये बसवा, वरून चादर टाका, हवेला एक बाजू उघडी ठेवा, आणि दाराच्या जाळीशी नळी धरा. मास्क तोंडावर दाबू नका. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

पहिल्याच दिवशी यंत्र सुरू करू नका. त्याची घरघर मांजराला घाबरवते. आम्ही पहिले चार दिवस कॅरिअर नुसता उघडा ठेवून आत खाऊ ठेवला. मग शेजारच्या खोलीत यंत्र चालू केलं, मग जवळ आणलं. आठव्या-नवव्या दिवशी चिंगी स्वतः आत जाऊन बसली. यंत्र नसेल तर बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, वाफेत तिच्याजवळ बसा. गरम पाण्याचं पातेलं मात्र मांजराजवळ नको, भाजेल.

वाफेनंतर शेंबूड सैल होतो, तेव्हाच नाक पुसायचं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस खपलीवर अर्धा मिनिट धरून ठेवा, मग बाहेरच्या दिशेला पुसा. ओरबाडू नका, इअरबड आत घालू नका. डॉक्टर हो म्हणाले तर साध्या सलाईनचा एक-एक थेंब नाकपुडीत, तोही बाटली मुठीत ऊबदार करून. त्यानंतर दणकून शिंका येतील. येऊ द्या, तेच हवं आहे. पुसून पुसून नाकाची कातडी फाटली तर बाहेरून साध्या व्हॅसलीनचं बोट लावा, आत जाऊ देऊ नका.

जेवण

वाफ, नाक पुसणं आणि लगेच जेवण, हा क्रम मोडू नका. नाक मोकळं असतं ती वीस-पंचवीस मिनिटं सोन्यासारखी असतात. ओलं खाणं वाटीसकट गरम पाण्यात ठेवून अंगाएवढं कोमट करा, वास उठतो. खाणं पातळ करायला कोंबडीचं पाणी चालतं, पण ते मांजरासाठी वेगळं उकळलेलं: मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कांदा-लसणाने मांजराचं रक्त बिघडतं. अगदीच तोंड फिरवलं तर भाजलेल्या सुकटीची चिमूटभर पूड वर भुरभुरा. चिमूटभरच, सुक्या मासळीत मीठ फार असतं. ताजा मासा द्यायचा तर उकडून, प्रत्येक काटा काढून. पसरट ताटली घ्या, खोल वाटीत तोंड घातलं की चोंदलेल्या मांजराचा जीव कोंडतो.

घर

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, सिगारेट: हे बंद झाल्यावर पंधरा दिवसांत चिंगीच्या वहीतल्या शिंका निम्म्यावर आल्या. देवापुढे आम्ही आता तुपाची निरांजन लावतो. मिरचीची फोडणी असेल तेव्हा चिंगी आतल्या खोलीत, दार बंद. धुळीची लिटर बदलून लाकडी गोळ्यांची आणली.

ताण हे या आजाराचं खरं खाद्य आहे, हे वहीनेच शिकवलं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की चिंगी तेव्हा ठीक असते आणि विसर्जनानंतर आठवडाभरात बिघडते. हर्पिस तसाच वागतो, ताणानंतर काही दिवसांनी डोकं वर काढतो. म्हणून आता सणाच्या आधीच तिची खोली ठरते: उंचावर टोपली, तिची जुनी चादर, लिटर, पाणी, आणि दारावर ‘उघडू नका’ अशी चिठ्ठी. दिवाळीत फटाक्यांच्या संध्याकाळी खिडक्या बंद आणि मी तिच्यासोबत आत. गावाला जायचं झालं तर तिला बोर्डिंगमध्ये ठेवण्यापेक्षा ओळखीच्या माणसाने घरी येऊन बघणं कितीतरी बरं.

घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांचं लसीकरण पूर्ण ठेवा. मांजरांच्या तिहेरी लशीत हर्पिस आणि कॅलिसी हे सर्दीचे दोन्ही विषाणू येतात. लस लागण पूर्ण थांबवत नाही, आजार सौम्य करते. नवीन पिल्लू आणलं तर दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि हाताळल्यावर साबणाने हात.

पुन्हा पहिल्यापासून कधी

‘हिचं नाक असंच आहे’ ही सवय आपल्याला लागते, आणि तिचाच धोका असतो. दर सहा महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. नेहमी दोन्ही बाजूंनी वाहणारं नाक एकाच बाजूने वाहायला लागलं, शेंबडाचा रंग किंवा वास बदलला, वजन दोन आठवडे सलग उतरलं, थंड वाटीवर एक ठिपका कायमचा दिसेनासा झाला, तर ते जुनं दुखणं समजू नका. जुन्या दुखण्याच्या आडून नवीन काही सुरू झालेलं असू शकतं. गेल्या वर्षी चिंगीचा डावा ठिपका, म्हणजे तिचा चांगला ठिपका, तीन आठवडे अर्धाच उमटत होता. वही दाखवल्यावर डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, तर डावा वरचा सुळा हलत होता. तो काढला. टाके विरघळल्यावर पुन्हा वाटी धरली, आणि डावीकडे पूर्ण गोल उमटला.